गाड्या अपुऱ्या की हिशेब अपुरा?

सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या माणसाला दोन दर्शने हमखास घडतात. एक अक्कलकोटला पोचल्यावर, श्रीस्वामी समर्थांचे. आणि दुसरे तिथे पोचण्यापूर्वी, एस.टी.च्या फलाटावर उसळलेल्या गर्दीचे. पहिल्या दर्शनासाठी लोक शिस्तीने रांग लावतात; दुसऱ्या ठिकाणी रांग नावाची वस्तूच उरत नाही. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी लहान मूलही आत टाकून जागा धरण्याची विद्या आपल्या लोकांनी आत्मसात केली आहे. या विद्येला आपण हसतो, पण ती लोकांना कोणी शिकविली याचा विचार करीत नाही. अर्धा-पाऊण तास एकही गाडी येऊ नये आणि मग एकीच्या पाठीला पाठ लावून तीन याव्यात, पहिली खचाखच भरून जावी आणि तिसरी रिकामी धावावी, हा अनुभव ज्या प्रवाशाने आयुष्यभर घेतला आहे, तो पहिल्याच गाडीवर तुटून पडणार नाही तर काय करील?

या तक्रारीला एक ठरलेले उत्तर आहे: ‘गाड्या कमी आहेत.’ हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून एस.टी.ने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांची जी सेवा केली, तिला तोड नाही. पण २०१९ च्या सुमारास १८ हजारांच्या घरात असलेला तिचा ताफा करोनाच्या साथीत आणि २०२१-२२ च्या दीर्घ संपात खंगला, जुन्या गाड्या मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी नव्या तितक्या वेगाने आल्या नाहीत. सोलापूर महापालिकेच्या परिवहन सेवेची कहाणी याहूनही करुण आहे. तेव्हा गाड्या हव्यात, नव्या हव्यात आणि लवकर हव्यात, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या गाड्या आज आहेत, त्या योग्य वेळी, योग्य रस्त्यावर, योग्य क्रमाने सोडल्या जातात काय? हे तपासून पाहण्याचे जे शास्त्र जगाने पाऊणशे वर्षांपूर्वी सिद्ध केले, ते आपल्या आगाराच्या दारापर्यंत पोचले आहे काय? आमच्या मते गाड्यांच्या टंचाईइतकीच हिशेबाचीही टंचाई आहे. आणि ही दुसरी टंचाई दूर करावयास कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

या शास्त्राला इंग्रजीत ‘ऑपरेशन्स रिसर्च’ म्हणतात. आपण त्याला कार्यसंशोधन म्हणू. त्याचा जन्म युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी इंग्लंडची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला होता. ब्रिटिश विमाने पाणबुडी दिसली की तिच्यावर स्फोटके टाकीत. ती पाण्यात सुमारे शंभर फूट खोल जाऊन फुटत, आणि पाणबुडी बहुधा सहीसलामत निसटे. पॅट्रिक ब्लॅकेट या पदार्थवैज्ञानिकाभोवती जमलेल्या शास्त्रज्ञांनी हल्ल्यांच्या नोंदी मागविल्या आणि त्या बारकाईने वाचल्या. त्यांच्या ध्यानात आले, की विमान अचूक वेध घेऊ शकते ते पाणबुडी पृष्ठभागावर किंवा नुकतीच बुडी मारीत असतानाच. ती शंभर फूट खाली गेल्यावर नेमकी कुठे आहे हे कोणालाच कळत नाही. म्हणून स्फोट पंचवीस फुटांच्या आसपास व्हावा, असे त्यांनी सुचविले. नवे विमान आले नाही, नवे स्फोटक आले नाही, एक चावी तेवढी फिरविली गेली, आणि बुडणाऱ्या पाणबुड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. आहे त्या साधनांतून अधिक काम कसे काढावे, हे नोंदी वाचून, मोजमाप करून आणि गणित मांडून सांगणे, हेच कार्यसंशोधनाचे सार होय.

युद्ध संपले आणि हे शास्त्र नागरी जीवनात उतरले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणाच्या लेस्ली एडी यांनी पूल-बोगद्यांच्या टोलनाक्यांवरील रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कोणत्या वेळी किती खिडक्या उघड्या ठेवाव्यात हे अंदाजाऐवजी गणिताने ठरू लागले. १९६० च्या दशकात इंग्लंडात लीड्स येथे बसगाड्यांचे व चालक-वाहकांच्या पाळ्यांचे वेळापत्रक संगणकाकडून करून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. आपला देशही मागे नव्हता. १९४९ मध्ये हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत या विषयाचा एक विभाग निघाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आखणी करताना प्रशांतचंद्र महालनोबिसांनी याच विचारपद्धतीचा आधार घेतला. १९५७ मध्ये या विषयाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आणि रस्ते-वाहतुकीचा अभ्यास करण्यासाठी १९६७ मध्ये जी केंद्रीय संस्था निघाली, ती दूर दिल्लीत नव्हे, आपल्या पुण्यात निघाली. म्हणजे विहीर आपल्याच अंगणात आहे. पोहरा तेवढा सोडावयाचा राहिला आहे.

आता हे शास्त्र अक्कलकोटला काय देऊ शकेल ते पाहू. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे हे गाव दिसावयास लहान असले, तरी वाहतुकीच्या दृष्टीने विलक्षण गुंतागुंतीचे आहे. ते एका जुन्या संस्थानाची राजधानी होते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. मैंदर्गी आणि दुधनी ही दोन नगरे, वागदरी, नागणसूर, तडवळ, करजगी, चपळगाव, जेऊर अशी मोठमोठी गावे त्याला जोडलेली आहेत. पलीकडे कर्नाटकाची सीमा लागते. आळंद, अफझलपूर, कलबुर्गी येथून माणसे येतात, आणि बसस्थानकावर मराठी व कानडी सारख्याच सहजतेने कानी पडतात. रोज सकाळी येथून नोकरदार, विद्यार्थी, रुग्ण, कोर्टकचेरीची माणसे वळसंग-कुंभारीच्या रस्त्याने सोलापूरकडे निघतात. त्याच वेळी उलट दिशेने स्वामीभक्तांचा ओघ अक्कलकोटकडे येत असतो. त्यांतील अनेकांना पुढे गाणगापूरला जावयाचे असते, कोणाला तुळजापूर, कोणाला पंढरपूर. एका लहानशा स्थानकातून तीन-चार वेगळ्या प्रकारचे प्रवाह वाहतात आणि प्रत्येकाची वेळ निराळी, दिशा निराळी, निकड निराळी. असा गुंता केवळ अनुभवी वाहतूक नियंत्रकाच्या स्मरणशक्तीवर सोडून देणे, हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे आणि प्रवाशावरही.

प्रथम सर्वांत साधी गोष्ट घेऊ. समजा, एका तासात तीन गाड्या सुटतात. त्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी सुटल्या, तर वाटेल तेव्हा स्थानकावर येणाऱ्या माणसाला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागेल. आता त्याच तीन गाड्या नऊ वाजता, नऊ वाजून पाच मिनिटांनी आणि सव्वानऊला सुटल्या व पुढची थेट दहाला आली असे धरा. तासात गाड्या तीनच, डिझेल तितकेच, चालक-वाहक तेच. पण प्रवाशाचे सरासरी थांबणे जवळजवळ अठरा मिनिटांवर जाते. याचे कारण उघड आहे: पाच मिनिटांच्या फटीत फार थोडी माणसे स्थानकावर येतात आणि पंचेचाळीस मिनिटांच्या पोकळीत बहुतेक सगळी सापडतात. सरकारी कागदावर दोन्ही दिवशी ‘तासाला तीन फेऱ्या’ अशीच नोंद होईल. कागद खोटे बोलत नाही. तो अपुरे बोलतो. आणि प्रवासी ‘गाडीच नाही हो’ म्हणून ओरडतो, तेव्हा तोही खोटे बोलत नसतो.

गाड्या अशा एकत्र का येतात, याचेही उत्तर १९६४ मध्ये नेवेल आणि पॉट्स या दोन गणितज्ञांनी मांडून ठेवले आहे. एखादी गाडी कुठे पाच मिनिटे अडकली, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात. त्यांना चढवून घेता घेता तिला आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला थांब्यावर माणसेच मिळत नाहीत, म्हणून ती भरभर येऊन पुढचीला गाठते. यात चालकाचा आळस नाही, वाहकाची उद्दामगिरी नाही. तो गर्दीचा स्वभावच आहे. पण रोग कळला की औषधही कळते. वाटेतल्या एक-दोन ठिकाणी गाडीने वेळ पाळण्यासाठी किंचित थांबावे, लागोपाठ आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीने मधले काही थांबे सोडून पुढे जावे, आणि दोन महामंडळांच्या गाड्या एकाच रस्त्याने धावत असतील तर त्यांच्या सुटण्याच्या वेळा एकाच कागदावर मांडून विभागाव्यात, इतके केले तरी पुष्कळ होईल. आज एका राज्याची गाडी सुटते तेव्हा दुसऱ्या राज्याची कधी सुटणार हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? प्रवाशाला गाडीच्या रंगाशी कर्तव्य नसते. त्याला घरी जावयाचे असते.

दुसरा हिशेब गाड्यांच्या संख्येचा. समजा, सोलापूर-अक्कलकोट प्रवासाला एक तास लागतो आणि प्रत्येक टोकाला गाडी अर्धा तास उभी राहते. म्हणजे जाऊन येऊन पुन्हा सुटावयास तयार होण्यास तीन तास झाले. दर पंधरा मिनिटांनी एक गाडी सोडावयाची तर १८० भागिले १५, म्हणजे १२ गाड्या या मार्गावर अडकून पडतील. आता दोन्ही टोकांचे उभे राहणे पंधरा-पंधरा मिनिटांवर आणता आले, तर फेरा अडीच तासांचा होईल आणि तीच सेवा १० गाड्यांत भागेल. प्रवाशाला काहीही कमी पडले नाही आणि दोन गाड्या मोकळ्या झाल्या! त्या दोन गाड्या दुधनीच्या बाजारकरूंसाठी किंवा वागदरीच्या शाळकरी मुलांसाठी धावू शकतील. उभे राहण्याच्या त्या अर्ध्या तासात काय घडते, हे घड्याळ लावून कोणी पाहिले आहे काय? फलाट मोकळा नसल्यामुळे किती मिनिटे जातात, नोंदीच्या खिडकीपाशी किती, जागेवरच तिकिटे फाडण्यात किती? चालकाच्या चहाची आणि विसाव्याची पंधरा मिनिटे आम्ही मागत नाही. ती त्याच्या हक्काची आहेत. व्यवस्थेच्या ढिलाईत गेलेली मिनिटे तेवढी आम्ही मागतो.

तिसरी गोष्ट ‘भारमाना’ची. एस.टी.च्या कारभारात या शब्दाचा मोठा दरारा आहे. भारमान घसरले की फेरी बंद, असा जणू शिरस्ताच पडला आहे. पण सरासरीने केलेला न्याय हा अनेकदा अन्याय असतो. ४४ आसनांची एक गाडी सकाळी एका खेड्यातून ४० माणसे घेऊन अक्कलकोटला आली आणि परत जाताना तिच्यात चारच माणसे होती. भारमान ५० टक्के. दुसरी एक गाडी २२ माणसे घेऊन आली आणि २२ घेऊन गेली. तिचेही भारमान ५० टक्के. कागदावर दोघी जुळ्या बहिणी. प्रत्यक्षात दोघींची दुखणी अगदी भिन्न. पहिल्या गाडीला बंद करणे म्हणजे चाळीस माणसांचे पाय तोडणे होय. तिने रिकामे परत न जाता अक्कलकोटहून सोलापूरच्या प्रवाशांना घेऊन पुढे जावे आणि दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास त्या खेड्याकडे वळावे, हा तिच्यावरील इलाज आहे. दुसरीला लहान गाडी पुरेल. शिवाय फेरी एकदा बंद झाली की माणसे वडापच्या जीपगाडीकडे वळतात, मग उरलेल्या फेरीचेही भारमान घसरते, मग तीही बंद होते. रोग्याला उपाशी ठेवून त्याचे वजन घटले म्हणून त्याचे पान बंद करण्यासारखाच हा प्रकार आहे.

‘हे सगळे जुळवावयाचे कोणी?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दहा गाड्या दहा मार्गांवर लावावयाच्या म्हटल्या, तरी त्या ३६,२८,८०० प्रकारांनी लावता येतात. त्यांतला सर्वांत चांगला प्रकार कोणत्याही नियंत्रकाने, मग तो कितीही हुशार असो, मनातल्या मनात शोधून काढावा ही अपेक्षाच चुकीची आहे. पण नेमकी ही कोडी सोडविण्यासाठीच गणितज्ञांनी आपली बुद्धी खर्चिली. १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या कांटोरोविच यांनी प्लायवूडच्या कारखान्यात कोणते काम कोणत्या यंत्राला द्यावे या प्रश्नातून ही पद्धत शोधली. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डांट्झिग यांनी तिला सर्वत्र वापरता येईल असे रूप दिले. कांटोरोविच यांना त्याबद्दल १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. आज तीच उदाहरणे कॉलेजातला विद्यार्थी टेबलावरच्या संगणकावर क्षणार्धात सोडवितो. अवघड भाग गणिताचा उरलेलाच नाही. गणिताला लागणारे आकडे कुठून आणावयाचे, हा खरा प्रश्न असतो. आणि आमच्या मते तो प्रश्नही सुटलेला आहे!

कारण वाहकाच्या हातात आज कागदी तिकिटांची पेटी नाही, इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. प्रवासी कुठे चढला, कुठपर्यंतचे तिकीट घेतले, किती वाजता घेतले, हे सारे त्या यंत्रात उमटते. ब्लॅकेटच्या मंडळींना वैमानिकांच्या हस्तलिखित अहवालांतून जे महिनोन्‌महिने वेचावे लागले, ते येथे रोज रात्री आगारात आपसूक येऊन पडते. सायंकाळी पैशांचा मेळ घालण्यासाठी हे आकडे उपयोगी पडतातच. पण लोक कुठून कुठे आणि केव्हा जाऊ इच्छितात, हे सांगणारी ती लोकांचीच साक्ष आहे. अर्थात या साक्षीतही एक उणीव आहे. यंत्र चढलेल्या माणसांची नोंद करते. गाडी न मिळाल्यामुळे जो परत गेला, त्याची करीत नाही. म्हणून वर्षातून काही दिवस तरी थांब्यांवर माणसे बसवून ताटकळणाऱ्यांची मोजदाद केली पाहिजे. घाऊक आकडा पुरेसा नाही. ज्याला गाडी मिळाली नाही, तोही प्रवासीच आहे.

अक्कलकोटच्या बाबतीत आणखी दोन गाठी सोडवावयाच्या आहेत. पहिली रेल्वेची. अक्कलकोट रोड हे स्थानक मुंबई-चेन्नईच्या लोहमार्गावर आहे खरे, पण ते गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर. आगगाडीतून उतरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गावात जाण्यासाठी बस तयार हवी. आणि गाडी सुटण्यापूर्वी स्थानकावर पोचविणारी बसही हवी. हे काही आकाशातले चांदणे मागणे नव्हे. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये आपले सबंध रेल्वे-वेळापत्रक अशा तऱ्हेने बांधले, की दर तासाला ठराविक मिनिटाला गाडी यावी आणि मोठ्या स्थानकांवर गाड्या एकमेकींना भेटाव्यात. डोंगरातल्या खेड्याला जाणारी टपालखात्याची बसही त्या भेटीला हजर असते. तिथे वेगापेक्षा मेळाला महत्त्व दिले गेले. आपल्याकडेही रेल्वेने २०२० मध्ये वेळापत्रक मुळापासून नव्याने आखताना मुंबईच्या आय.आय.टी.चे साहाय्य घेतले होते. आगगाडी गणिताने चालावी आणि तिला जोडणारी बस दैवावर सोडावी, यात तर्क कोणता?

दुसरी गाठ पंचांगाची. वाहतुकीची वेळापत्रके वार आणि तारीख पाहून आखली जातात. स्वामींचे भक्त मात्र तिथी पाहून निघतात. गुरुवार तर आठवड्याला येतो, तो सोपा. पण पौर्णिमा, गुरुपौर्णिमा, दत्तजयंती, चैत्र शुद्ध द्वितीयेचा प्रकटदिन, चैत्र वद्य त्रयोदशीची पुण्यतिथी यांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. पौर्णिमा गुरुवारी आली, किंवा सुट्टीला लागून आली, की गर्दीचा गुणाकार होतो. हे काही गूढ नाही. ज्या गावातल्या अन्नछत्रात पंगतीमागून पंगत उठते आणि कोणत्या दिवशी किती पाने पडतील याचा अदमास घेऊन चुली पेटतात, त्या गावात कोणत्या दिवशी किती गाड्या लागतील, याचा अदमास घेता येऊ नये काय? गेल्या तीन वर्षांचे तिकिटांचे आकडे आणि पुढल्या वर्षाचे पंचांग एकत्र ठेवले, की जादा गाड्यांचे पत्रक वर्षभर आधीच तयार होईल. आयत्या वेळी इतर मार्गांवरच्या गाड्या ओढून यात्रेला लावणे आणि त्या मार्गांवरच्या विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडणे, हे तरी टळेल.

येथवर आम्ही गणिताची बाजू मांडली. आता त्याचा धोकाही स्पष्टपणे सांगितला पाहिजे. कारण या शास्त्राच्या नावाखाली जनतेचा गळा कापला जाण्याचा संभव नाही असे नाही. गणित आज्ञाधारक असते. त्याला जे ध्येय द्याल, ते गाठून देते. ‘उत्पन्न जास्तीत जास्त करा’ एवढेच त्याला सांगितले, तर ते पहिल्या झटक्यात सीमेवरच्या खेड्यांतील मुक्कामाच्या गाड्या रद्द करील आणि सगळ्या गाड्या सोलापूरच्या रस्त्यावर आणून उभ्या करील. उत्तर गणिताच्या दृष्टीने बिनचूक असेल आणि समाजाच्या दृष्टीने घोर असेल. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून भाडेच नाही. या सवलती स्तुत्य आहेत. पण पास खिशात आहे आणि गाडी दारात नाही, अशी स्थिती असेल तर त्या पासाचे काय करावयाचे? संध्याकाळी उशिरा घरी पोचणारी गाडी बंद झाली, की बाप मुलीचे कॉलेज बंद करतो. त्या मुलीचे गेलेले शिक्षण कोणत्याही भारमानाच्या तक्त्यात नोंदले जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ध्येय लोकांनी ठरवावे आणि मार्ग गणिताने शोधावा. शाळेची घंटा होण्यापूर्वी पोचविणारी आणि शाळा सुटल्यावर आणणारी गाडी तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावाला मिळालीच पाहिजे; दिवेलागणीनंतरची एक फेरी राहिलीच पाहिजे; अक्कलकोट रोडच्या प्रमुख आगगाड्यांना बस मिळालीच पाहिजे; या अटी प्रथम लिहून काढाव्यात. या अटी मोडावयाच्या नाहीत, हे ठरवून मग विचारावे, की कमीत कमी किती गाड्यांत हे जमेल आणि उरलेल्या गाड्यांनी लोकांचे थांबणे किती कमी होईल? असे केले, तर वेळापत्रक ही आगाराच्या भिंतीवरची पाटी राहणार नाही. ते जनतेशी केलेले लेखी वचन होईल. आणि वचन मोडले, तर कोणती अट मोडली हे बोट ठेवून दाखविता येईल. कार्यसंशोधनाचा सर्वांत मोठा लाभ आम्हांला हाच वाटतो. आजवर जे निर्णय ‘अडचणी’ या एका शब्दाआड लपत होते, ते त्यामुळे उजेडात येतील.

कामगारांच्या मनातली शंकाही आम्ही जाणतो. ‘शास्त्रीय पद्धत’ हे शब्द ऐकले की गिरणगाव सोलापूरच्या कामगाराला कपात आठवते, आणि ती भीती अनाठायी आहे असे कोण म्हणेल? पण चालक-वाहकांचे हक्क हीदेखील गणितातली न मोडावयाची अट आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत, असे बंधन घातले होते. हे आकडे वेळापत्रकाच्या पायातच घातले, तर ऐनवेळी दुहेरी ड्यूटी लावण्याचे प्रसंग उलट कमी होतील. आणि ज्या वाहतूक नियंत्रकाने हयात फलाटावर काढली, त्याला बाजूला सारून हे काम होणार नाही. कुठला पूल पावसात बुडतो, कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे संगणकाला तोच सांगणार. ब्लॅकेटचे शास्त्रज्ञही वैमानिकांकडे जाऊन त्यांच्याकडून शिकले होते. आपल्या तज्ज्ञांनी आगाराच्या ओसरीवर बसावयास लाज मानू नये.

हे काम आत्ताच का हवे, याला आणखी एक कारण आहे. विद्युत बसगाड्यांचे युग दारात आले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा हजार विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली आणि तिच्या यादीत सोलापूरचेही नाव आहे. डिझेलची गाडी टाकी भरून दिवसभर फिरते. विद्युत गाडीला मधे विसावा घेऊन वीज भरून घ्यावी लागते. कुठे, केव्हा आणि किती वेळ, हे चुकले तर गाडी असूनही फेरी बुडणार. जुन्या पद्धतीचे ढिले वेळापत्रक डिझेलच्या गाडीने कसेबसे सहन केले. विजेची गाडी ते सहन करणार नाही. तेव्हा हिशेब आज शिकलो नाही, तर उद्या नव्या कोऱ्या गाड्या आगारात उभ्या असलेल्या पाहण्याची पाळी येईल.

म्हणून आमची मागणी मोठी नाही; एका आगारापुरती आणि एका वर्षापुरती आहे. अक्कलकोट आगार हे या प्रयोगाचे क्षेत्र करावे. पौर्णिमा आणि साधे दिवस दोन्ही येतील अशा सलग चार आठवड्यांचे, प्रवाशांची नावनिशी वगळून, तिकिटांचे आकडे खुले करावेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, वालचंद तंत्रनिकेतन यांच्यासारख्या आपल्याच शहरातील संस्थांतील गणिताच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे ते सोपवावेत, आणि पुण्याच्या केंद्रीय संस्थेने त्यांना मार्गदर्शन करावे. रेल्वे, एस.टी., सोलापूरची परिवहन सेवा आणि कर्नाटकाचे महामंडळ यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून सोलापूर-अक्कलकोट-गाणगापूर मार्गाचे एक सामाईक पत्रक काढावे. सीमेच्या वादाचे काय व्हावयाचे ते होवो. भक्ताच्या आणि विद्यार्थ्याच्या पायात त्याची बेडी असू नये. आणि वर्षअखेर प्रयोगाचा अहवाल मराठीत आणि कानडीत प्रसिद्ध करावा: गाड्या किती होत्या, लोक आधी किती थांबत आणि आता किती थांबतात, कोणत्या गावाला गाडी मिळाली आणि कोणत्या गावाची गेली. प्रयोग फसला तर तेही उघड सांगावे. फसलेल्या प्रयोगातूनही माणूस काही शिकतो; न केलेल्या प्रयोगातून काहीच शिकत नाही.

एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर सोलापूरचे घड्याळ चालत असे. भोंगा झाला की चूल पेटे, भोंगा झाला की पावले वळत. एका आवाजाने साऱ्या शहराचा मेळ जमे. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, आणि शहराला व त्याच्या आसपासच्या गावांना एका वेळेत गुंफणारा तो धागाही तुटला. भरवशाची बस तो धागा पुन्हा जोडू शकते. अमुक वाजता गाडी येणार म्हणजे येणारच, हा विश्वास ज्या दिवशी अक्कलकोटच्या फलाटावर निर्माण होईल, त्या दिवशी खिडकीतून रुमाल टाकण्याची विद्या आपोआप विसरली जाईल. गाड्यांसाठी सरकारकडे पैसा मागावयाचा आहेच आणि तो आम्ही मागत राहू. पण तोपर्यंत आहे त्या गाड्यांचा चोख हिशेब मांडावयास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावयाची?